मागच्या रांगेतला बाप

"काल माझे बाबा आले होते," नेहिर म्हणाली, आणि नंदूनं कपात गाळायचा चहा ओट्यावर गाळला.

रविवारची सकाळ होती. त्याची बायको सुवर्णा भाजी आणायला ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत गेली होती, म्हणजे अकरापर्यंत ती येत नव्हती, कारण तिकडे पार्किंग मिळत नाही आणि मिळालं की ओळखीचं माणूस भेटतं. नेहिर नेहमीच्या खुर्चीत, नेहमीसारखीच तिरकी, उजव्या खुब्याखाली गोठवलेल्या मटारची पिशवी घेऊन बसली होती. काल पेनसिल्व्हेनियातल्या स्पर्धेत ती त्याच बाजूवर पडली होती. एकोणीस वर्षांची मुलगी स्पर्धा हरल्यावर दुसऱ्या दिवशी कशी दिसेल याचा अंदाज नंदूनं परतीच्या वाटेवर साडेतीन तास बांधला होता. चेहरा असा उजळलेला असेल, हे त्यात कुठेच नव्हतं.

"कुठे आले होते?" त्यानं फडकं शोधत विचारलं.

"हॉलमध्ये. मी त्यांना बघितलं नाही. ऐकलं. ते ओरडले, बास. दोनदा. बास, बास."

फडकं हातात होतं तरी नंदू ते शोधत राहिला. "बास म्हणजे?"

"दाब. पाय दाब, कडेवर भार टाक. मी सहा वर्षांची असल्यापासून ते कठड्याजवळ उभे राहून एवढं एकच ओरडतात. दुसरं कुणी असं ओरडत नाही, नंदू अमजा. कोच प्रेस म्हणते. कॉलिन काहीच म्हणत नाही. त्या हॉलमध्ये तुर्की येणारी मी एकटी होते. मग कोण ओरडलं?"

कोण ओरडलं हे नंदूला माहीत होतं. नंदू ओरडला होता.

तो कधी ओरडत नसे. बासष्ट वर्षांच्या आयुष्यात ओरडण्यासारखे प्रसंग आले नाहीत असं नाही, पण ते आले तेव्हा दुसरं कुणीतरी ओरडून घेई आणि नंदूवर वेळ येत नसे. विमा कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात त्यानं तेवीस वर्षं काढली; निवृत्तीच्या दिवशी केकवर त्याचं नाव 'नंदा' असं लिहिलेलं होतं आणि त्यानं त्या केकचे दोन तुकडे खाल्ले. असा माणूस परमुलखातल्या बर्फाच्या हॉलमध्ये, तिसऱ्या रांगेत, जिथे टाळ्यासुद्धा हातमोजे घालून वाजवतात, तिथे ओरडला. संगीत मधेच थांबतं अशी एक जागा नेहिरच्या बर्फावरच्या नाचात आहे. तीन-चार सेकंद काहीच वाजत नाही, फक्त पात्यांचा आवाज येतो, कापड फाडल्यासारखा. त्या जागी ती तिच्या जोडीदाराचा, कॉलिनचा हात धरून एका पायावर वळणं घेत या बाजूला आली आणि नंदूला तिचा चेहरा दिसला. परीक्षकांसाठी हसू होतं, ते ओठांच्या वर, गालांवर होतं. ओठ मात्र आत ओढलेले होते. तो चेहरा नंदूच्या ओळखीचा होता. रोज सकाळी सरावाच्या रिंकच्या दारात गाडीतून उतरताना ती दाराला धरून क्षणभर तशीच उभी राहते, आणि नंदू तेवढ्यात रेडिओचं बटण शोधत असतो, कारण बघणं बरं दिसत नाही. काल तिथे रेडिओ नव्हता. त्याला वाटलं, पुरे झालं या पोरीला. फक्त वाटलं. मग कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बास, बास," आणि शेजारची फरची टोपी घातलेली बाई त्याच्याकडे वळून बघायला लागली, तेव्हा कुठे त्याला कळलं की आवाज आपला आहे. तोवर बर्फावर ते पातं कच्चकन रुतलं होतं. मुलगी पडताना आवाज झाला नाही. कॉलिन एकटाच दोन पावलं पुढे गेला, रिकामा हात पुढे धरून.

आपल्या ओरडण्यानं तिचं लक्ष विचलित झालं असावं, एवढी भीती तो कालपासून बाळगून होता. ती भीती त्याला पेलवत होती. माणसं स्टेडियममध्ये ओरडतातच. पण तिनं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं आणि सांगितलेलं केलं होतं. तो थांब म्हणाला आणि तिनं जोर लावला.

"किती गुणांनी गेलं?" त्यानं विचारलं. त्याला आकडा पाठ होता.

"दीड. जाऊ दे ते." तिनं मटारची पिशवी उलटी केली. "ते आले, अमजा. मागच्या महिन्यात आई म्हणाली होती, बाबा दोन दिवस अंकाराला गेलेत, कशाला ते सांगत नाहीत. अंकाराला माणूस कशाला जातो? व्हिसाला. मी पडले म्हणून न भेटता परत गेले असतील. तसेच आहेत ते. पण आले, आणि म्हणाले, दाब. म्हणजे सोडू नकोस."

नंदूनं ओटा पुसला. मग पुसलेला ओटा पुन्हा पुसला.

दोन वर्षांपूर्वी ही मुलगी दोन बॅगा आणि एक बुटांची पेटी घेऊन त्यांच्याकडे आली, तेव्हा त्यांच्या मुलीची, अदितीची खोली रिकामी होऊन चार वर्षं झाली होती. अदिती क्युपर्टिनोत असते, रविवारी फोन करते, चालता चालता करते, त्यामुळे ती घरी पोचली की फोन संपतो. रिंकवाल्यांनी बाहेरगावच्या खेळाडूंसाठी घरं शोधायला चिठ्ठी लावली होती. सुवर्णानं ती दुकानात वाचली आणि म्हणाली, खोलीला हवा लागेल. आलेल्या मुलीनं पहिल्याच दिवशी नंदूला अमजा म्हटलं आणि सुवर्णाला तेयझे. अमजा म्हणजे काका, तेयझे म्हणजे मावशी. "मी मावशी आणि तू काका," सुवर्णा म्हणाली, "म्हणजे आपलं लग्न कुणी लावलं?" पण नेहिर बदलेना, आणि हळूहळू सुवर्णाला बहिणीची मुलगी असल्यासारखं वाटायला लागलं; तिला बहीण नव्हती. आइस डान्स म्हणजे काय हेही त्यांना ठाऊक नव्हतं. टीव्हीवर पोरी हवेत गिरक्या घेतात ते, असं नंदू समजत होता. तसं नसतं. यात उड्या नसतात, कुणी कुणाला फेकत नाही, दोघांनी एकमेकांपासून लांब जायचं नाही. सगळा खेळ पात्याच्या कडेचा. बाहेरची कड की आतली, किती खोल, किती वेळ. बघणाऱ्याला त्यातलं काहीच दिसत नाही. बघणाऱ्याला दोघं सुखी आहेत एवढंच दिसलं पाहिजे. "म्हणजे संसारच की," सुवर्णा म्हणाली.

संसारापेक्षा जोडीदार मिळणं मात्र अवघड. नेहिरला तुर्कस्तानात तिच्या उंचीचा नाचणारा मुलगा नव्हता. जगभर अशा मुलामुलींची यादी असते म्हणे: उंची, वजन, वय, कुठली कड कच्ची, स्थलांतराची तयारी आहे की नाही. तिच्यात डेलावेअरचा कॉलिन निघाला. कॉलिन अमेरिकन, पण जोडी तुर्कस्तानची. दोघांतल्या एकाचा देश पुरतो. कॉलिन तुर्की झेंड्याखाली उभा राहतो आणि राष्ट्रगीताला ओठ हलवतो. सुवर्णानं हे ऐकून घेतलं आणि त्याला घरजावई हे नाव ठेवलं. एर्झुरुमला, नेहिरच्या गावी, तिचे वडील नगरपालिकेच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करायचं यंत्र चालवतात. सकाळी यंत्र फिरवायच्या आधी अर्धा तास मुलीला बर्फावर सोडायचे आणि कठड्याला टेकून उभे राहायचे. ती अमेरिकेला निघाली तेव्हा ते म्हणाले, "इथे काय बर्फ कमी आहे?" एर्झुरुमला वर्षातले सहा महिने बर्फ असतो, त्यामुळे या प्रश्नाला उत्तर नव्हतं. तेव्हापासून त्यांचं बोलणं बंद. निरोप आईमार्फत यायचे आणि जायचे, आणि त्या निरोपांत हवामानच जास्त असायचं.

पहाटे पाचला नंदू तिला रिंकवर सोडायला निघतो. स्वतःहून सोडतो, निवृत्त माणसाला पहाटे पाचला कुणीतरी लागतं. पंचवीस मैलांच्या त्या रस्त्यावर दोघांनी एक खेळ काढला होता: मराठीत आणि तुर्कीत सारखे निघतात ते शब्द. साबण साबुन. दुकान दुक्क्यान. साखर शेकेर. पडदा पेर्दे. खबर, हवा, दुनिया, कबूल. तिच्या नावाचा अर्थ नदी. नंदू म्हणाला, आमच्याकडे नहर म्हणजे कालवा. "म्हणजे तुमच्याकडे मला खणून काढलंय," ती म्हणाली. फ्रिजवर यादी होती, एकसष्ट शब्दांची, दोन लिप्यांत लिहिलेली. कायमाक हा शब्द मराठीत नव्हता तरी तिनं हट्टानं घातला होता, कारण त्याचा अर्थ साय असा होतो आणि बर्फावर घसरणं असाही. एकसष्ट शब्द. त्यांत हा एक नव्हता. तो सापडला कसा नाही याचं नंदूला आता नवल वाटत होतं. पण तो सापडणार तरी कसा? पहाटे पाचला गाडीत कुणी कुणाला बास म्हणत नाही. तो ताटावर म्हणायचा शब्द. वाढणारा हात थांबवायचा. तो शब्द आहे हे बोलणाऱ्याला कळतसुद्धा नाही, शिंकेसारखा येतो.

सुवर्णा अकराला येणार होती ती बाराला आली. नंदूनं गॅरेजमध्येच, पिशव्या उतरवता उतरवता, तिला सांगून टाकलं. तिनं ऐकताना कोथिंबिरीची जुडी हातात धरली होती, ती तशीच धरून ठेवली.

"तू ओरडलास," ती म्हणाली.

"हो."

"तू."

"हो म्हटलं ना."

"लग्नात नातिचरामि म्हणायच्या वेळी तुझं 'हूं'सुद्धा ऐकू आलं नव्हतं. भटजींनी दोनदा विचारलं होतं." तिनं जुडी पिशवीत ठेवली. "मग आता तिला सांग."

"सांगितलं तर तिचे वडील जातात."

"आणि नाही सांगितलं तर?"

नाही सांगितलं तर काय, हे दोघांनाही माहीत होतं. खुब्याच्या सांध्यातली कूर्चा फाटली होती. सर्जननं त्याचं चित्र दाखवलं होतं. नंदू सोबत गेला होता. बुधवारी ऑपरेशन ठरलं होतं, मग हा मोसम बुडणार, कदाचित पुढचाही. नेहिरनं स्वतःच स्वतःशी ठरवलं होतं: शनिवारी जागतिक स्पर्धेपुरते किमान गुण मिळाले तर तेवढी स्पर्धा खेळायची, नाही मिळाले तर बुधवारी टेबलावर झोपायचं. गुण मिळाले नाहीत. पण तीन आठवड्यांनी आणखी एक स्पर्धा होती, शेवटची, आणि कोच म्हणाली होती, येणार असशील तर सोमवारी सांग. सर्जनही म्हणाला होता, असंच रेटलं तर चाळिशीत नवा सांधा बसवायला ये. हे त्यानं हसत सांगितलं होतं. अमेरिकन डॉक्टर वाईट गोष्ट हसत सांगतात, म्हणून नंदूला ती नीट लक्षात राहते.

"दीड दमडीचा शब्द," सुवर्णा म्हणाली, "आणि तोही तू. सांग तिला. मी काही सांगणार नाही, मी ओरडले नव्हते."

सोमवारी पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी गाडी हायवेला लागली तेव्हा नंदूचं वाक्य तयार होतं. इंग्रजीत होतं, तीन भागांचं होतं, आणि त्यात दोनदा 'अनफॉर्च्युनेटली' होतं. पहिला टोलनाका गेला की सुरू करायचं असं त्यानं ठरवलं. टोलनाका गेला. नेहिर फोन पुढे धरून म्हणाली, "अमजा, तुम्हाला दाखवायचं राहिलं. मी काल बाबांना मेसेज केला. दोन वर्षांत पहिल्यांदा. लिहिलं, शनिवारी हॉलमध्ये तुम्हीच होतात ना. रात्रभर काही नाही. आत्ता आलंय." पडद्यावर दोन शब्द होते. तिनं ते वाचून दाखवले आणि मग त्यांचा अर्थ सांगितला.

"हो. मीच होतो."

नंदूचा पाय गॅसवरून आपोआप निघाला. मागच्या ट्रकनं हॉर्न दिला. त्याच्या छातीत जे झालं ते रागासारखं होतं, आणि कुणावर रागवावं हे त्याला समजेना. नऊ हजार किलोमीटरवरचा एक माणूस, ज्याला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, त्याचा शब्द उचलून घेऊन गेला होता. आयुष्यात एकदा नंदू ओरडला आणि ते दुसऱ्याच्या नावावर गेलं. मग त्याला स्वतःची लाज वाटली, आणि मग गार वाटायला लागलं, हीटर चालू असून. खोटं कुणाचं होतं? तो माणूस तिथे नव्हता. पण त्याची मुलगी म्हणते तू होतास, किती खात्रीनं म्हणते. दोन वर्षांनी आलेला पहिला मेसेज. नाही म्हणायला माणूस कुठल्या धातूचा असावा लागेल?

"म्हणून मी ठरवलं," नेहिर म्हणाली. "आज कोचला हो सांगते. बुधवारचं कॅन्सल करते."

रिंकवर तो नेहमीच्या बाकावर बसला. आत बाहेरच्यापेक्षा जास्त थंडी असते, आणि ती अमोनियाच्या वासाची असते. खाली नेहिर आणि कॉलिन हातात हात घालून गोल फिरत होते. कॉलिनला काही माहीत नव्हतं. तो सुखी दिसत होता, पण तो त्याचा व्यवसायच होता. नंदू मात्र दुसऱ्याच एका सभागृहात बसला होता. अदिती पाचवीत असताना तिच्या शाळेत व्हायोलिनचा कार्यक्रम होता. त्या आठवड्यात ऑफिसात कसलीतरी नवी सिस्टीम चालू व्हायची होती, आणि ती होत नव्हती. तो आठला घरी आला तेव्हा अदिती जेवत होती. तिनं विचारलं, "बाबा, यू वेअर देअर?" आणि तो म्हणाला, "हो गं. मागच्या रांगेत होतो. छान वाजवलंस." ती आमटी भुरकत राहिली. तिनं पुन्हा कधी विचारलंही नाही. कार्यक्रम असले तर फ्रिजवर चिठ्ठी लावायची, कुणी आलं का ते बघायची नाही. अकरा वर्षांनी, तिच्या कॉलेजच्या पदवीदानाला, हॉटेलात जेवताना, सगळे हसत असताना ती सहज म्हणाली, "त्या दिवशी स्नोमुळे कार्यक्रम कॅन्सल झाला होता, बाबा." आणि मेन्यू पुढे करून म्हणाली, "डेझर्ट?" नंदूनं डेझर्ट मागवलं होतं. कुठलं, ते त्याला आठवत नाही. मुलीला बाप हवा असतो तेव्हा बाप हो म्हणतो, आणि मुलगी ते हो सांभाळून ठेवते, अकरा वर्षं, घडी न मोडता. एर्झुरुमच्या त्या माणसाची मुलगी हे हो सांभाळायला स्वतःचा खुबा देणार होती. आज सकाळी. आठला, कोच आली की.

त्याला उठावंसं वाटलं आणि तो उठला, हेही त्याला जरा नवीनच होतं.

साडेसातला सराव संपला. कोच आठला ऑफिसात यायची होती. नेहिर बूट काढायला न बसता, पात्यांवर प्लास्टिकची आवरणं चढवून, चहासाठी गाडीत आली. थर्मास गाडीत असतो. नंदूनं चहा ओतून तिच्या हातात दिला, थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि तीन भागांचं वाक्य विसरला.

"शनिवारी बाबा नव्हते," तो म्हणाला. "मी ओरडलो."

ती हसली. "तुम्ही? तुर्कीत?"

"मराठीत. बास मराठीत आहे. म्हणजे पुरे. थांब."

कपावरचा वाफेचा धागा वाकडा झाला. तिनं कप खाली ठेवला नाही. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती, जणू तो शब्द तिथूनच निघाला होता का हे तपासून बघता येईल. "म्हणा," ती म्हणाली.

"काय?"

"म्हणा तो. तसाच."

बंद गाडीत, सकाळी साडेसातला, हे फार अवघड होतं. नंदूनं समोरच्या काचेकडे बघत म्हटलं, "बास, बास." पुरेसं मोठ्यानं झालं नाही, पण तिनं डोळे मिटून घेतले, आणि मिटलेल्या डोळ्यांनी मान हलवली.

"तुम्ही थांब म्हणालात आणि मी दाबलं."

"हो."

"इंग्लिशमध्ये का नाही म्हणालात?"

नंदूनं यावर खरोखर विचार केला. "इंग्लिश बोलायच्या आधी मी विचार करतो," तो म्हणाला.

"मग बाबांनी हो का लिहिलं?"

हे त्याला सांगता आलं असतं. व्हायोलिन, स्नो, मागची रांग. पण ते त्या माणसाचं होतं आणि त्यानंच सांगायला हवं होतं. "त्यांना विचार," तो म्हणाला. "तिकडे आता दुपार असेल."

तिनं फोन लावला. नंदू बाहेर जायला निघाला तर तिनं त्याची बाही धरली, म्हणून तो स्टिअरिंगवर हात ठेवून, गाडी बंद असून चालवत असल्यासारखा बसून राहिला. पलीकडे यंत्राची घरघर होती, मग ती बंद झाली. एक जाड आवाज एकच शब्द म्हणाला. नंतर नेहिर बोलायला लागली, भराभर, न थांबता, आणि त्या बोलण्यातून नंदूला त्याच्या एकसष्टांतले शब्द तेवढे दिसत होते, रात्रीच्या हायवेवर पाट्या दिसतात तसे: बाबा. खबर. कबूल. पुन्हा बाबा. जवाब, जोरात. हवा नाही आली. या खेपेला कुणी हवामान बोललं नाही. मधे त्याला अमजा ऐकू आलं आणि त्यानं पाठ सरळ केली. मग जाड आवाज बोलायला लागला. तो हळू बोलत होता आणि मधे मधे थांबत होता, आणि नेहिरचा अंगठा थर्मासच्या झाकणावरून पुढे-मागे फिरत होता. एकदा ती काहीतरी विचारायला गेली आणि तिचा आवाज मधेच गेला. पलीकडचा माणूस वाट बघत राहिला. अशी वाट बघणं काय असतं हे नंदूला माहीत होतं. त्याला त्या माणसाचा राग आला होता, तो कुठे गेला हे त्याला कळलं नाही.

फोन बंद करून तिनं तो मांडीवर पालथा ठेवला.

"अंकाराला गेले होते," ती म्हणाली. "व्हिसालाच. कोट शिवून घेतला होता त्यासाठी. नाही मिळाला. कागद बघितलेसुद्धा नाहीत, म्हणतात, दोन मिनिटांत बाहेर. आईला सांगायची लाज वाटली." मग म्हणाली, "म्हणाले, तू विचारलंस तर नाही कसं म्हणू. मी यायला निघालो होतोच की."

नंदूनं मान हलवली. अशा दोन मिनिटांसाठी तोही कधीकाळी कोट घालून उभा राहिला होता, त्याचा शिक्का बसला होता, एवढाच काय तो फरक.

"आणि विचारत होते, तो अमजा ओरडला तो किती मोठ्यानं?"

"तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, संगीत बंद असेल तर ऐकू येईल इतपत. तर म्हणाले, मी असतो तर वाजत असतानाही ऐकू आलं असतं." ती हसायला लागली आणि हसता हसता तिनं नाक बाहीला पुसलं. मग हसणं थांबलं. घड्याळात आठला सात मिनिटं कमी होती. कोचची निळी गाडी आवारात वळली आणि दारासमोरच्या जागेवर उभी राहिली. नंदूला विचारायचं होतं आणि विचारायचं नव्हतं. शेवटी सर्जनच्या हसण्यानं ते त्याच्याकडून विचारून घेतलं.

"मग तिला काय सांगणार?"

"काल मला वाटलं, बाबांनी सांगितलंय, म्हणजे आत्ताच्या आत्ता करायला पाहिजे," नेहिर म्हणाली. "पण कुणी सांगितलंच नव्हतं. ते तिथे नव्हते, तुम्ही भलतंच सांगत होतात. म्हणजे मीच दाबलं." तिनं हे एखादा हरवलेला किल्ल्यांचा जुडगा स्वतःच्याच खिशात सापडावा तसं सांगितलं, थोडं रागानं. "नाचणं माझंच आहे तर मग एक वर्ष थांबेल. कुठे जाणार?"

"बुधवारी किती वाजता निघायचं?"

"सहाला बोलावलंय. उपाशीपोटी. तेयझेला सांगा, पराठा करू नका." तिनं कप त्याच्या हातात दिला. "कॉलिनला आधी सांगायला हवं. तो रडेल."

तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, हातानं उचलून. दाराला धरून ती उभी राहिली, आणि नंदूचा हात सवयीनं रेडिओकडे गेला, पण त्यानं तो मागे घेतला आणि बघितलं. ती निघाली. आवार फार मोठं नव्हतं, चाळीसेक पावलं असेल. गेली दोन वर्षं ती तेवढं अंतर सरळ चालत होती, पाठ ताठ, कुणी बघत असो वा नसो, आणि नंदूला वाटत आलं होतं की दुखणं असेल, पण चालण्यापुरतं तरी नसावं. आज ती लपवत नव्हती. प्रत्येक पावलाला ती उजवीकडे इतकी खाली जात होती की ती पुढच्या पावलाला वर येईल की नाही असं वाटावं, आणि ती येत होती, आणि पुन्हा तेवढीच खाली जात होती. कोच गाडीतून उतरत होती ती दार धरून तशीच थांबली. नंदूच्या हातातला कप तिरका झाला होता आणि चहा त्याच्या पँटवर सांडत होता, गरम होता, आणि ते त्याला बऱ्याच वेळानं कळलं.